पायीची वहाण

आपल्याकडे एक म्हण आहे, ‘पायीची वहाण पायीच बरी’. आठवी-नववीच्या मुलांना ती मी वर्षानुवर्षं शिकवली. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. ज्याची जी पायरी असेल त्यानं तिथंच राहावं, डोक्यावर चढू नये, असा तिचा सरळ अर्थ. पण ही म्हण कोण कुणाला ऐकवायचं, ते काही पुस्तकात छापलेलं नसायचं. आमच्या चुडाव्यासारख्या गावात ते छापून सांगायची गरजही नव्हती म्हणा!

तर या वहाणेला पायातून काढून थेट काचेच्या कपाटात बसवलेलं मी पाहिलं ते टोरांटोला. लेकीकडं गेले होते तेव्हा. तिथं ‘बाटा शू म्युझियम’ नावाचं संग्रहालय आहे, नुसत्या पादत्राणांचं. कॅनडातल्या मंडळींना ते ठाऊक असेलच. बाकीच्या वाचकांसाठी आणि आमच्या परभणी-पूर्णा-नांदेडकडच्या नातेवाइकांसाठी जरा सविस्तर लिहिते. कारण तिथं जे पाहिलं त्यापेक्षा, पाहून आल्यावर जे डोक्यात घोळत राहिलं, ते आपल्याकडचंच होतं.

आधी संग्रहालयाविषयी. ब्लूर स्ट्रीट नावाचा मोठा रस्ता आहे, त्यावर सेंट जॉर्ज या भुयारी रेल्वेच्या स्टेशनापासून अगदी जवळ ही इमारत. लांबून पाहिलं तर जोड्याचा खोका ठेवलाय आणि वरचं झाकण जरा तिरकं झालंय असं वाटतं. ती कल्पना वास्तुरचनाकार रेमंड मोरियामा यांची. १९९५ च्या मे महिन्यात हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं. संग्रहात १३ हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यांचा पल्ला साडेचार हजार वर्षांचा आहे.

आता बाटा म्हणजे कोण? आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांना बाटा ही टाटांची धाकटी बहीण वाटायची. शाळा उघडायच्या आधी बाटाचे काळे बूट घेणं हा शहरातल्या घरांत सणच असायचा, त्यामुळं कंपनी आपलीच असणार असं आपण धरून चाललो. प्रत्यक्षात ती सुरू झाली १८९४ साली, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या झ्लिन या गावात. टोमास बाटा आणि त्यांचे भाऊ-बहीण यांनी ती काढली. १९३१ साली ती कोलकात्याजवळ कोन्नगरला आली आणि पुढं तिच्या कारखान्याभोवती बाटानगर नावाचं गावच वसलं. टोमास यांचा मुलगा थॉमस १९३९ साली, हिटलरनं त्यांचा देश गिळला तेव्हा, कॅनडात गेला. त्याची बायको सोन्या (हे बाईचं नाव बरं का!). ती स्वित्झर्लंडची. १९४६ साली लग्न झालं, आणि नवऱ्याच्या धंद्यानिमित्त जगभर हिंडताना या बाईनं त्या त्या देशातले जोडे गोळा करायला सुरुवात केली. २०१८ साली ती वारली तोवर हे काम चालूच होतं.

मला यात एक गंमत वाटली. गंमत म्हणजे हसण्यासारखी नव्हे. यंत्रावरच्या स्वस्त जोड्यांनी जगभरच्या गावोगावचे जोडे करणारे मागं पडले. आणि त्या हरवत चाललेल्या जोड्यांचा सांभाळ कुणी केला, तर असले कारखाने चालवणाऱ्या घरातल्याच एका बाईनं! तिला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. उलट तिनं ठेवलं म्हणून ते राहिलं. आपण काय ठेवलं, हा प्रश्न त्यातूनच पुढं येतो. त्याकडं शेवटी येते.

संग्रहालयाची सुरुवात होते ती जोड्यांनी नाही, अनवाणी पावलांनी. आफ्रिकेतल्या टांझानियात लाएटोली इथं ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, सुमारे ३६ ते ३७ लाख वर्षांपूर्वीची पावलं १९७८ साली सापडली, त्यांचा ठसा तिथं आहे. पुढं मग नाना तऱ्हा. फ्रान्सकडचे लाकडी जोडे, तळाला लांब लांब खिळे. चेस्टनट नावाची फळं पायांनी तुडवून त्यांची टरफलं काढायला! व्हिक्टोरिया राणीचे सपाता, नेपोलियनचे पायमोजे, एल्टन जॉन या गायकाचे उंचच उंच बूट. आणि चीनमधल्या बायकांचे ते जोडे, जेमतेम तीन इंचांचे. लहानपणीच पोरींची पावलं करकचून बांधायची, बोटं आत मुडपायची, म्हणजे मोठेपणी ती एवढीशी राहतात आणि लग्न चांगल्या घरी जमतं. १९१२ साली तिथल्या प्रजासत्ताकानं या प्रथेवर बंदी घातली, तरी ती लगेच काही थांबली नाही. वरून ते जोडे इतके सुंदर! रेशमावर केवढं भरतकाम. भरतकाम करणारीही बाईच, आणि पाऊल मोडलेलीही बाईच.

त्या काचेपुढं उभी असताना मला एक गोष्ट उमगली, आणि मग ती जगात सगळीकडं दिसायला लागली. माणसानं जोडा केला तो काटा, थंडी, ऊन यांच्यापासून पाय राखायला, हे खरं. पण जोडा पायात आला रे आला, की लगेच प्रश्न सुरू झाला: कुणी घालायचा, कुणी नाही? आणि कुणापुढं काढायचा? जोड्याचा सगळा इतिहास मला या दोन प्रश्नांचाच इतिहास वाटतो.

युरोपातही हेच. मध्ययुगात तिथं लांब टोकाचे जोडे घालायची टूम निघाली. इंग्लंडात १४६३ साली कायदा झाला, की सरदार-दरकदारांहून खालच्यांनी दोन इंचांपेक्षा लांब टोक ठेवायचं नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात लाल टाचेचे जोडे, तेही फक्त दरबारी मानकऱ्यांना. (हो, उंच टाचा आधी पुरुषांच्याच! इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून टाच वापरायचे, तिथून ती युरोपात गेली असं अभ्यासक सांगतात.) आणि ब्राझीलमध्ये गुलामांना जोडे घालायची मनाई, म्हणून सुटका झालेला माणूस आधी जोडे मिळवायच्या खटपटीला लागायचा. पायात जोडा म्हणजे मी आता कुणाच्या मालकीचा नाही, याची पावतीच.

आता आपल्याकडं येते. या टोरांटोच्या संग्रहात हैदराबादच्या निजामाचीही एक मोजड्यांची जोडी आहे. सोन्यारत्नांनी मढवलेली. हा निजाम म्हणजे सिकंदर जाह, राज्य १८०३ ते १८२९. सिकंदराबादचं नाव त्याच्यावरूनच. २००६ च्या जानेवारीत या मोजड्या संग्रहालयातून चोरीला गेल्या होत्या. त्यांची किंमत तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार डॉलर सांगितली गेली. थोड्याच दिवसांत त्या परत मिळाल्या, हे नशीब.

आमच्या जावयांनी हे सांगितलं तेव्हा मी चटकन म्हणाले, “अहो, हा तर आमचाच राजा!” आणि म्हटल्यावर गप्प झाले. आमचाच म्हणजे कसा? मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे शाळेत दरवर्षी आपण झेंडा लावून सांगतो. या सिकंदर जाहच्या काळात राज्याचा कारभार चंदूलाल नावाच्या पेशकाराच्या हाती होता. शेतसाऱ्याची वसुली मक्त्यानं दिली जायची. म्हणजे ज्यानं जास्त बोली लावली त्याला तो मुलूख, मग त्यानं रयतेकडून कसं आणि किती काढायचं ते त्याचं तो बघेल. इतिहासाच्या पुस्तकांत त्या काळाविषयी कर्ज, मक्तेदार आणि उजाड गावं हेच वाचायला मिळतं. तेव्हा त्या मोजडीवरच्या एकेका खड्यामागं किती अनवाणी पावलं असतील, याचा हिशेब कुठल्याही पाटीवर मावणार नाही. संग्रहालयात जोडा ठेवता येतो. नसलेला जोडा कसा ठेवायचा? तो दोष संग्रहालयाचा नाही, वस्तू जपायच्या पद्धतीतच ती अडचण आहे. ज्यांच्याकडं वस्तू होती त्यांचाच इतिहास वस्तूंतून कळतो.

निजामाच्याच दरबारातली आणखी एक हकिकत. या दरबारात जायचं तर जोडे बाहेर काढून गालिच्यावर खाली बसायचं, असा रिवाज होता. इंग्रज रेसिडेंटलाही तो पाळावा लागे. १८६९ साली महबूब अली खान हा लहानगा निजाम गादीवर बसला, त्या वेळी रेसिडेंट आणि त्याचे साहेब लोक पहिल्यांदाच बूट न काढता आत गेले आणि खुर्च्यांवर बसले. बातमी म्हणून एवढीशी. पण राज्य खरं कुणाचं, हे त्या दिवशी हैदराबादला बुटांनी सांगितलं.

आणि हेच साहेब लोक आपल्या कचेऱ्यांमध्ये काय करत होते? तिथं नेटिवानं जोडे काढून आत यायचं! यावरून इतके तंटे झाले की १८५४ साली सरकारला ठराव करावा लागला. ठराव असा, की सरकारी समारंभांत जे नेटिव सद्गृहस्थ विलायती बूट आणि पायमोजे घालतील त्यांनी ते काढायची गरज नाही. म्हणजे देशी जोडा असेल तर बाहेर, विलायती असेल तर आत! १८६२ साली सुरतेच्या अदालतीत माणकजी कावसजी एंटी या पारशी असेसरांनी जोडे काढायला नकार दिला, त्यांना बाहेर जावं लागलं आणि त्यावरून मोठी लिखापढी झाली. इतिहासकार या प्रकाराला जोड्यांचा महाप्रश्न म्हणतात. तेव्हाच्या शिकलेल्या लोकांना त्या अपमानाची चीड आली, आणि यायलाच हवी होती.

पण त्याच चीड आलेल्या लोकांच्या गावात काय चाललं होतं?

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. गावकुसाबाहेरच्या माणसानं पाटलाच्या वाड्यापुढून, चावडीपुढून, मारुतीच्या पारापुढून जायचं तर पायातलं पायताण काढून हातात घ्यायचं. पायात असेल तर, हं! साहेबापुढं जोडा काढावा लागला तर तो अपमान, आणि आपल्यापुढं दुसऱ्यानं काढला तर ती रीत. साहेब गेला, निजाम गेला, पण हातात पायताण घेऊन चालणारी माणसं मी माझ्या लहानपणी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर, डोळ्यांनी पाहिली आहेत.

बायकांचंही तसंच थोडंफार. सासऱ्यापुढं, दिरापुढं सुनेनं चप्पल घालून फिरायचं नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी आईला चप्पल घेऊन दिली. ती घरातून निघताना पिशवीत घालायची आणि गावाची शीव ओलांडली की पायात. येताना शीव आली की परत पिशवीत. “आई, अगं पाय पोळतात ना?” म्हटलं तर म्हणायची, “पाय पोळलेले बरे गं, तोंडं नकोत.” लोकांची तोंडं, असं तिला म्हणायचं होतं.

या सगळ्यात एक मोठी विसंगती आहे, तिचं मला कायम नवल वाटत आलंय. आपल्याइतका पादुकांचा मान जगात क्वचितच कुणी केला असेल. भरतानं रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून राज्य चालवलं. नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला आपण पादुकांचंच दर्शन घेतो. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, आणि वारीला आजचं रूप आलं. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणीवरून जाते तेव्हा पायी चालणाऱ्या माणसांची दर्शनाला केवढी रीघ लागते! पादुका डोक्यावर. आणि पायताण करणारा मात्र वेशीबाहेर. संत रोहिदास स्वतः जोडे शिवणारे. त्यांना आपण संतांच्या मेळ्यात घेतलं आणि त्यांच्या भाऊबंदांना आडावर पाणी भरू दिलं नाही.

म्हणींकडंच पाहा. ‘चांभाराच्या देवाला खेटराची पूजा’ ही म्हण आपण नालायकाला तसलाच मान, या अर्थानं वापरतो. पण दसऱ्याला शेतकरी औतं पुजतो, सुतार आपली हत्यारं पुजतो, वाणी तराजू पुजतो, तिथं आपल्याला काही वावगं वाटत नाही. मग जोडे करणाऱ्यानं आपल्या हातचा जोडा देवापुढं ठेवला तर त्यात हसण्यासारखं काय? खरं म्हणजे तेच सर्वांत प्रामाणिक पूजन.

हे जोडे व्हायचे कसे, तेही आता फार कुणाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम महार-मांगांवर लादलेलं. कातडं कमवायचं काम ढोर समाजाकडं. चुन्याच्या पाण्यात घालून केस काढायचे, मग बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्या पाण्यात ते दिवसच्या दिवस मुरवायचं. त्याचा वास, त्यानं होणारी हाताची आग, ते सगळं त्यांच्या वाट्याला. पुढं जोडा करणारा रापीनं कातडं कापायचा, आरीनं भोकं पाडायचा आणि वादीनं शिवायचा. नवं पायताण असं करकरीत असायचं की पायाला चावायचं. मग करडीच्या तेलात भिजवून ते मऊ करायचं. तळ झिजला की परत त्याच्याकडंच. आणि नुसतं पायताणच नाही, विहिरीची मोट, चाबूक, बैलांच्या गळ्यातले पट्टे, सगळं त्याच्याच हातचं. मोट फाटली की अख्ख्या मळ्याचं पाणी थांबायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात बलुतेदारांची ही सगळी व्यवस्था लिहिली आहे. बदल्यात मिळायचं काय? सुगीला खळ्यावरचं धान्य. ते मागायलाही खळ्याच्या कडेला उभं राहायचं.

या कामाची घाण वाटू नये म्हणून काही थोरांनी धडपड केली. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी स्वतः चपला करायला शिकले. तिथला त्यांचा विरोधक जनरल स्मट्स, ज्यानं त्यांना तुरुंगात टाकलं, त्याच्यासाठीही त्यांनी चपला केल्या आणि १९१४ साली देश सोडताना त्याला भेट दिल्या. स्मट्सनं त्या कैक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तरीला, त्यांचा मान म्हणून परत पाठवल्या. पुढं वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालयही चाललं. हे सगळं मोठंच. पण बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला वेगळीच गोष्ट सांगितली. मेलेल्या जनावरांचं मांस सोडा, अपमानाची कामं सोडा, पोरांना शिकवा. गांधीजी म्हणत होते की काम हलकं नाही. बाबासाहेब म्हणत होते की जन्मानं ते काम कुणाच्या गळ्यात बांधलेलं नको. एक शिक्षिका म्हणून मला दुसरं म्हणणं जास्त पटत आलं, कारण माझ्यासमोर पाटी घेऊन बसलेली पोरं मला दिसत होती.

मोट बंद पडली, विहिरींवर इंजिनं आणि मग विजेचे पंप आले, तसं या लोकांचं मोठं काम गेलं. मग रबराच्या आणि प्लास्टिकच्या चपला आल्या. जुन्या टायरचे तळवे लावलेल्या चपला आल्या, वजनाला जड पण मरेस्तोवर न झिजणाऱ्या. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडं कामांवर खडी फोडणाऱ्या बायांपैकी ज्यांच्या पायात काही होतं, त्यांच्या पायात असलंच काहीतरी होतं. बाकीच्या चिंध्या गुंडाळून यायच्या. हवाई चपलांना आपण नावं ठेवतो, फटक-फटक वाजतात म्हणून. पण मी म्हणते, गरिबाच्या पायाखाली पहिल्यांदा काही आलं असेल तर ती ही चप्पल! तिला कुणी जात विचारली नाही. अंकुशकृमी म्हणजे हुकवर्म नावाचा जंत अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि रक्त शोषतो. वर्गात पिवळटलेली, पेंगणारी पोरं असायची, त्यांतल्या किती जणांना नुसत्या चपलेनं वाचवलं असतं, हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचताना पोटात कालवायचं.

म्हणून जोडे करायची जुनी कला बुडाली अशी कुणी हळहळ केली की मला पुरतं हळहळता येत नाही. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा, घरचा धंदा हाच, आज सरकारी नोकरीत चांगल्या हुद्द्यावर आहे. टोरांटोहून आल्यावर तो भेटायला आला. मी उत्साहानं त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, “अरे, तुझ्या वडिलांची रापी, आरी, लाकडी साचे ठेवलेत का घरी? जपून ठेव बाबा.” तो हसला. म्हणाला, “बाई, रापी घरात ठेवली असती तर लोकांनी मला तिच्यावरूनच ओळखलं असतं. वडिलांनी स्वतःच मोडीत घातली, माझा दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात.”

यावर मी काय बोलणार? एका मोडीच्या दुकानात एक संग्रहालय गेलं, एवढंच मनात आलं. पण त्या बापाच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कोल्हापुरी चप्पल आज जगात नाव कमावून आहे. शाहू महाराजांनी तिला उत्तेजन दिलं. २०१८-१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा या बड्या कंपनीनं तिच्यासारख्याच चपला आपल्या म्हणून मंचावर आणल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतातल्या कारागिरांची. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घेण्याचा, किंमत जोडीला सुमारे ८०० युरो. चोरी म्हणून ओरडलो आपण सगळेच, आणि ते बरोबरच होतं. पण त्या गदारोळात ‘आपली कोल्हापुरी, आपली कोल्हापुरी’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरात ती करणाऱ्याला चहाचा कप घरातलाच मिळाला होता? चप्पल आपली म्हणायची तर माणूसही आपला म्हणावा लागेल. निदान मला तरी त्यात दुसरी वाट दिसत नाही.

तर आपण काय ठेवलं, हा प्रश्न. निजामाच्या मोजड्या ठेवणारे लोक आहेत, त्यांची काळजी नको. कोल्हापुरीलाही आता वाली मिळाला. पण मराठवाड्यातल्या साध्या पायताणाचं मानांकन कुणी मागणार नाही. ती झिजून मातीत गेली. ती करणाऱ्यांची हत्यारं मोडीत गेली आणि जायलाच हवी होती. उरतं काय? नावं. आमच्या गावात जोडे करणारी माणसं होती, पण जुन्या लोकांच्या बोलण्यात ती येतात ती जातीच्या नावानं. ‘चांभाराला बोलवा.’ कुठल्या? ज्याच्या हातच्या वहाणांवर चालून अख्खं गाव शेतात गेलं, त्याला स्वतःचं नाव होतं, बायकोला होतं, आणि कातड्याच्या पट्ट्या विणायला बसणाऱ्या पोरीलाही होतं.

म्हणून ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींना आणि घरच्या सगळ्या भाचे-पुतण्यांना एक काम सांगते. शिक्षिका आहे, काम दिल्याशिवाय राहवत नाही! घरातले जुने ग्रुप फोटो काढा. लग्नातले, शाळेतले, शेतातले. एरवी आपण त्यात चेहरे शोधतो. या वेळी पाय बघा. कुणाच्या पायात काय आहे, कुणाच्या पायात काहीच नाही, आणि कुणी पाय मागं लपवलेत. आमच्या शाळेचा १९७८ चा फोटो माझ्याकडं आहे, त्यात पुढच्या रांगेतल्या एकवीस मुलांपैकी सहा जणांच्या पायात काही तरी आहे. मग घरातलं सर्वांत म्हातारं माणूस गाठा आणि विचारा, तुमचं पायताण कोण करायचं? जातीचं नाव सांगितलं तर तिथं थांबू नका, त्या माणसाचं नाव विचारा. आठवलं तर त्या माणसाच्या घरच्यांना विचारा, लिहिलेलं चालेल का. ते हो म्हणाले तरच लिहा. नको म्हणाले तर तेही समजून घ्या, त्यालाही कारण आहे.

मी चुडाव्यात विचारायला सुरुवात केली आहे. आजवर चार नावं मिळाली. त्यांतल्या दोघांच्या घरून होकार आलाय.